बाईंना मानवेल अशी गाडी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्या भागात भाडेकरूला पहिल्या दमात जे जे विचारतात त्यातलं एक अक्षरही नाही. फाटकात उभे राहून ते फक्त म्हणाले, "गाडी बंद करू नका. चालू राहू द्या जरा."

मी गाडी चालू ठेवली. लाल, नवीकोरी, एका सिलिंडरची. तिच्यावर बसलो की मी स्वतःला बराच देखणा वाटायचो. घरमालकांनी डोळे मिटले, मान तिरपी केली आणि वैद्य नाडी बघतो तसे बराच वेळ ऐकत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "एकटीच बडबडती हो ही. धाड धाड धाड. समोरच्याला बोलूच देत न्हाई. तुमचा बी स्वभाव असाच हाय का?"

"छे, छे, मी अगदी शांत आहे," असं म्हणून मी किती शांत आहे हे त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. माझं संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"बराबर," ते म्हणाले. "आणा सामान."

परतूरच्या बँकेत माझी नुकतीच बदली झाली होती. घरमालक भूगोलाचे निवृत्त शिक्षक; सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. त्यांच्या पत्नी त्याच शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणून त्या बाई. दोघं एकमेकांनाही सर आणि बाईच म्हणत. "बाई, चहा झाला का?" "सर, चष्मा तुमच्या डोक्यावर हाय." ऐकणाऱ्याला वाटावं, हे दोघं निवृत्त झालेलेच नाहीत, मधली सुट्टी तेवढी लांबली आहे.

मी राहायला जायच्या आधी बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ते चांगलं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हिंडा, फिरा, काही होत नाही. पण बाईंनी त्यानंतर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. भाजीवाली दारात यायची, विहारातल्या बायका अंगणात येऊन बसायच्या, आणि "चला की बाई, पौर्णिमेला तरी," असं कोणी म्हटलं की बाई गोड हसून म्हणायच्या, "मला कुठं जायचंच न्हाई तर." पुण्याच्या मुलीनं कार घ्या म्हणून फोनवर तगादा लावला होता. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं.

"बाईनं उभी नोकरी माझ्या मागं बसून केली. घर ते शाळा, शाळा ते घर. हवा खाल्लेला माणूस हाय तो. कारमधी काच असती."

सरांना हवं होतं ते एवढंच होतं. बाईंनी पुन्हा एकदा त्यांच्या मागे गाडीवर बसावं आणि संध्याकाळी मंठ्याच्या रस्त्यानं ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन यावं. पण जुन्या गाडीनंच बाईंचा मणका खिळखिळा केला असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ती गाडी त्यांनी कधीच एका पुतण्याला देऊन टाकली होती. आता जी गाडी यायची ती बाईंच्या मणक्याला विचारून यायची.

सरांच्या खिशात अजून खडू असायचा. माझ्या पहिल्याच रविवारी त्यांनी अंगणातल्या शहाबादी फरशीवर आकृती काढली. दोन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक दट्ट्या.

"हा वर जातो तवा हा खाली येतो," ते म्हणाले. "ह्याचा धक्का हा खातो, ह्याचा तो खातो. मणक्यापर्यंत काही पोचतच न्हाई. तुमची गाडी म्हणजे एकटं बोलणारं माणूस. दोन सिलिंडरची म्हणजे एक बोलून राह्यलं, दुसरं हं हं म्हणून राह्यलं. संसारच हाय तो."

"मग नव्या मिळतात की सर, दोन सिलिंडरच्या."

"नव्या पळायसाठी केल्यात. आपल्याला कुठं पळायचंय? जुनी पाहा. जुन्या गाडीला हळू जायची लाज वाटत न्हाई."

शोधाचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यात माझाच दोष. जुन्या मोटारसायकलींचे व्हिडिओ मोबाइलवर बघून बघून मी त्या विषयातला तज्ज्ञ झालो होतो. मला सगळं माहीत होतं. पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सैल होतो, एवढंच माहीत नव्हतं. सरांसमोर मी दट्ट्या, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन असे शब्द फेकले. सर म्हणाले, "बिलकुल. मंग तुम्हीच पाहा."

परीक्षेची पद्धत सरांची स्वतःची होती. गाडी अंगणात आणायची, शेवग्याखाली स्टँडवर उभी करायची आणि नुसती चालू ठेवायची. बाईंना काही सांगायचं नाही, बोलवायचं नाही. ज्या गाडीच्या आवाजाला बाई आपण होऊन बाहेर येतील ती गाडी घ्यायची. तोवर सर खाटेवर आडवे होणार, मी पायरीवर बसणार. बाई स्वयंपाकघरात असायच्या. त्या घरात स्वयंपाकघराला अंगणाकडे एक खिडकी होती आणि तिच्यातून फक्त त्यांचा हात दिसायचा, कधी तांदूळ निवडताना, कधी भांडं विसळताना. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसायचो. हात थांबला की आमचा श्वास थांबायचा.

पहिली गाडी मी जालन्याहून आणली. जपानी घराण्याची, दोन सिलिंडरची, एके काळी पोरांनी जिच्यासाठी घरात अन्नत्याग केला असेल अशी. गॅरेजवाल्यानं विश्वासानं चालवायला दिली. मोंढ्यापासून गल्लीपर्यंत मी ती अशा आवाजात आणली की लग्नाची वरात आली म्हणून दोन घरांतून माणसं बाहेर आली. अंगणात लावून मी अभिमानानं एक रेस दिली. खिडकीतला हात थांबला. मग तो पुढे आला आणि त्यानं खिडकीची दोन्ही दारं ओढून कडी लावली.

"नापास," सर डोळे न उघडता म्हणाले. "फार रागीट हाय. बाईला रागीट माणूस चालत न्हाई. मलाच किती वर्षं लागली."

त्या दिवसांतल्या दुपारी माझ्या डोक्यात एकात एक मिसळून गेल्या आहेत. कोणाकोणाच्या पडवीतून, गोठ्यातून, ताडपत्रीखालून निघालेल्या जुन्या गाड्या आमच्या अंगणात येऊन गेल्या. कधी सरांचे पूर्वीचे विद्यार्थी आणून द्यायचे, कोणी नुसतीच सरांना दाखवायला आणायचे. गाडी शेवग्याखाली गुरगुरत राहायची, तिच्या थरथरीनं शेवग्याची बारीक पांढरी फुलं खाटेवर, सरांच्या सदऱ्यावर, टाकीवर पडत राहायची. धुराचा निळा पदर अंगणातून सरकत जायचा. थोड्या वेळानं सरांना डुलकी लागायची, मग मला, मग भिंतीवरच्या मांजराला. गल्लीही पेंगायची. डुलकीत मला वाटायचं की गाडी उभी नाही, आम्हीच सगळे तिच्यावर बसून कुठल्या तरी सपाट, सावलीच्या रस्त्यानं चाललो आहोत. घर, शेवगा, खाट, सगळेच. जाग यायची तेव्हा पेट्रोल संपून गाडी बंद पडलेली असायची आणि खिडकीतला हात भाकरी थापत असायचा.

संध्याकाळी सर माझ्या मागे बसून पुलापर्यंत यायचे. रस्ता पाहून ठेवायला, असं ते म्हणत. आयुष्यभर ह्याच रस्त्यानं गेलेला माणूस, पण आता तो बाईंच्या मणक्यानं रस्ता पाहत होता. "इथं खड्डा. आधी सांगावं लागंल. इथं डांबर सुटलंय. इथं डाव्या अंगानं." मध्येच म्हणायचे, "थांबा. आता नाकानं पाहा." जिनिंगजवळ सरकीचा उबदार, तेलकट वास यायचा. तो संपला की थोडं काहीच नाही. मग कालव्याजवळ एकदम गार हवेचा पट्टा लागायचा, अंगावर ओला पंचा टाकावा तसा. "इथं बाई मागून सांगायच्या, आला म्हणून. रोज. जसं काय मला कळलंच नसतं."

सरांना हॉर्न आवडत नसे. समोर कोणी आडवं आलं की ते माझ्या खांद्यावरून ओरडायचे, "मागच्या बाकावरचे, बाजूला व्हा!" आणि आश्चर्य म्हणजे माणसं बाजूला व्हायची. अर्धा तालुका त्यांच्या हातून गेलेला. मोठमोठे मिशीवाले गडी सायकली कडेला घेऊन उभे राहायचे. "जयभीम सर!" "जयभीम. पाय खाली घे आधी." पण इथेच त्यांची माझ्या गाडीवर मुख्य तक्रार होती. कोणी हाक मारली की माझी गाडी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढे निघून जायची.

"रस्त्यात माणूस बोलला तर त्याचं बोलणं सरेपर्यंत त्याच्या संगं चालता आलं पाहिजे. बाईला लोक काय काय विचारतील. एवढ्या दिसांनी निघणार. त्यांना अर्ध्यात सोडून जायचं का?"

म्हणून शहागडची परीक्षा वेगळी झाली. शहागडला हायवेवरच्या एका ढाबेवाल्याकडे विलायती बनावटीची, दोन सिलिंडरची एक जुनी जड गाडी होती. आवाज असा की मांजर कुशीत घेऊन बसावं. मी तर बघताक्षणी विरघळलो. सर म्हणाले, "आवाज बरा हाय. आता बैलगाडीसंगं चालवून दाखवा."

उसाचे दिवस होते. गोदेकडून वर येणाऱ्या रस्त्यावर ऊस भरलेल्या गाड्या एकामागे एक चालल्या होत्या. मी गाडी एका बैलगाडीच्या शेजारी आणली. सर मागे बसलेले. बैलांची चाल ती. माझा क्लच धरून हात भरून आला, हँडल डावीकडून उजवीकडे डोलायला लागलं, जणू मी झोपेत चालवतो आहे. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी गाडीवानाशी बोलणं काढलं.

"कुठून आल्ते पाव्हणं?"

"तिकून बीडकडून. तुम्ही?"

"परतूर. बायको कशी हाय?"

"हाय की, मागच्या गाडीवर. का वो?"

"न्हाई, सहज. तिचे मणके?"

ह्याच सुमाराला विलायती गाडीनं निर्णय घेतला. ती अत्यंत सावकाश, कुठलीही घाई न करता, रस्त्याच्या कडेवरून उतरली आणि नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानात माझ्यासकट आडवी झाली. त्या चालीत सरांना काहीच लागलं नाही. त्यांनी नुसता पाय जमिनीवर टेकवला, बैलगाडीच्या मागच्या दांडीला हात घातला आणि वर उसावर जाऊन बसले. त्यांचं बोलणं एका शब्दानंही तुटलं नाही. मी चिखलात गुडघ्यापर्यंत उभा राहून पाहत होतो. माझे घरमालक उसाच्या राशीवर मांडी घालून, गाडीवानाला काहीतरी समजावत, कारखान्याच्या दिशेनं दूर दूर जात होते. जड गाडी रानातून काढायला ढाब्यावरची चार माणसं लागली. सर बऱ्याच वेळानं, एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून, ऊस चघळत परत आले.

"गाडी गुणी हाय," ते म्हणाले, "पण माणसात राह्यलेली न्हाई. तुम्ही काय करून राह्यले चिखलात?"

त्यानंतर मात्र सर जरा थकल्यासारखे झाले. दुपारी अंगणात कोणी गाडी आणली तरी ते खाटेवरून उठेनात. एका संध्याकाळी पुलावर बसलो असताना मला म्हणाले, "गाडीचं काय हाय, सापडंल न सापडंल. पण बाईला वाटून राह्यलं असंल का, की हे आपल्याला मोडकी वस्तू समजून राह्यले?" तज्ज्ञ माणसाला असे प्रश्न व्हिडिओत कोणी घालत नाही.

म्हणून पुढची गाडी आणायला मी त्यांना न सांगता गेलो. जालन्यात एका निवृत्त कंपाउंडरकडे युरोपातल्या चेक घराण्याची, दोन सिलिंडरची, गोल टाकीची गाडी होती. म्हातारबोवांनी ती जपली होती; सीटला घरी शिवलेला अभ्रा होता. मी त्यांना सरांची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "घेऊन जा. त्यांच्या बाई बसल्या तर तिकडंच राहू द्या. न्हाई बसल्या तर मला आणून द्या."

निघालो तेव्हा गाडी छान पळत होती. अर्ध्या वाटेवर तिचा जोर जरा कमी झाला. आवाजही खाली आला, आणि बूड जरा जास्त थरथरायला लागलं. मी तज्ज्ञ. माझ्या लगेच लक्षात आलं की इंजीन आता तापून लयीत आलं आहे. किती शांत! किती समंजस! चढावर एका ट्रॅक्टरनं मला मागे टाकलं तेव्हा तर मला भरून आलं. हीच ती गाडी, मी स्वतःशी म्हणालो, हिला कसलीही ईर्षा नाही. परतूर येईपर्यंत माझे हात खांद्यापर्यंत बधिर झाले होते आणि मी अतिशय सुखात होतो.

अंगणात शेवग्याखाली गाडी लावली. चालूच ठेवली. सर खाटेवर उठून बसले.

"ऐका सर," मी कुजबुजलो. "किती मऊ."

सरांनी मान तिरपी केली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीत हात नव्हता.

बाई दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडून सरळ गाडीच्या मागे गेल्या, जराशा वाकल्या, आणि एक तळहात डाव्या सायलेन्सरमागे धरला, दुसरा उजव्या.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "कुठून आणली ही अशी?"

"जालन्याहून."

"एवढ्या लांबून? एका अंगावर? ह्याच्यातून गरम हवा येती, अन ह्याच्यातून पाहा, गार. एक सिलिंडर बंद हाय तिचं. बिचारी लंगडत आली की हो!"

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं नाही, ही एक बरी गोष्ट. पण सरांचा दिसला. सर बाईंच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होते. ऑपरेशननंतर ती पाठ वाकलेली त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही बाहेर आल्या."

"मंग? स्वयंपाकघरात बसून ऐकवंना मला. इतक्या दिसांपासून तुम्ही दोघं रोज काय काय आणून वाजवून राह्यले, कोणी नुसतं आजारी, कोणी नुसतं भांडखोर. मला वाटलं, ह्यांना कानच न्हाईत का!"

प्लग सरांनी काढला. मला फक्त पाना धरायला दिला, तोही उलट्या बाजूनं धरलेला बाईंनी हातातून काढून घेतला. प्लगवर काळी चिकट काजळी होती. सरांनी ती दात घासायच्या जुन्या ब्रशानं आणि पेट्रोलनं साफ केली, फुंकर घातली, प्लग परत बसवला. किक मारली. आणि मग त्या गाडीचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दोन म्हातारी माणसं पारावर बसून, कुणी न ऐकलं तरी चालेल अशा सुरात बोलत असावीत, तसा. बाई पुन्हा वाकल्या, दोन्ही तळहात धरले. "आता बराबर," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर खाली बसले. फरशीवरच. आत गेल्या म्हणजे संपलं, असंच मलाही वाटलं.

थोड्या वेळानं बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. मी त्यांना नऊवारी-सहावारीपलीकडे कधी पाहिलं नव्हतं, गल्लीनंही नाही. त्यांनी मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता, फिका आकाशी, ओढणी छातीशी घट्ट गाठवलेली. चेहरा असा की कोणी हसून तर दाखवा.

"एका अंगावर बसून मणका वाकतो, असं डॉक्टर म्हणाले होते," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "दोन्हीकडं पाय टाकून बसा म्हणाले. साडीत कसं बसू? अन ह्या वयात हे घालून निघू कशी? अन सरांच्या मागं बसल्याबिगर जायचं तरी कुठं? म्हणून बसले होते घरात. आता लोक काय म्हणतील ते म्हणतील. चला."

सर उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी सिलिंडर मोजले होते, धक्के मोजले होते. साडीचा विचार आमच्या दोघांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

फाटक मी उघडलं. बाई बसल्या. समोरच्या ओट्यावरची शेजारीण तोंडाला पदर लावून बघत राहिली; मग तिनंच हात वर करून म्हटलं, "शोभून राह्यलं हो बाई!" आणि गल्ली मोकळी झाली.

मी माझ्या लाल गाडीवर मागून निघालो. सोबत एक उशी, पाण्याची बाटली आणि दुखण्यावरचं मलम. सर असे चालवत होते की पोहऱ्यातलं पाणीही हललं नसतं. "बाई, खड्डा." "दिसला." "बाई, उतार." "सर, मला बी डोळे हायेत." चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी चालत त्यांच्या पुढे निघून गेली, वळून पाहून गेली. माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये तापून गचके खायला लागली, बेडकासारखी उड्या मारत मी त्यांच्या मागे. मोंढा गेला, जिनिंग गेलं, कालव्याचा गार पट्टा लागला. बाई काहीतरी म्हणाल्या. सरांनी मान हलवली. पुढे सरळ रस्ता सुरू झाला, दोन्हीकडे वेचणीला आलेली पांढरी रानं, वर उतरतं ऊन.

तिथे बाई पुढे झुकल्या. मी तेवढ्यात उडी मारून जवळ पोचलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"सर, ऑपरेशन माझं झालंय. गाडीचं न्हाई. पळवा की जरा."

सरांनी मागे पाहिलं. "पळवू?"

"मंग काय, हेच पाहायला आले का मी फाटकाबाहेर?"

सरांनी मूठ पिळली. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, बाईंची ओढणी गाठीतून सुटून उलटी उडाली, आणि ती गोल टाकीची म्हातारी गाडी माझ्या डोळ्यांदेखत लहान होत गेली. पूल आला. पुलावर ती थांबली नाही. मी उशी घेऊन कठड्यावर बसलो. धुराचा वास विरत होता, आवाज पातळ होत होता, पांढऱ्या रानांवर ऊन गुलाबी होत होतं. आपण जागे आहोत की पायरीवर पेंगतो आहोत हे मला नीट कळेना.

दिवेलागणीला तो आवाज परत आला. गाडी पुलावर हळू झाली, थांबली मात्र नाही. बाईंचे केस सगळे सुटलेले. त्या जाता जाता ओरडल्या, "भाऊ, तुम्ही व्हा पुढं! भात लावा! आम्ही येतोच!" सरांनी मोकळ्या रस्त्यावर एक ऐसपैस वळण घेतलं आणि गाडी पुन्हा मंठ्याकडे तोंड करून निघाली.

मी घरी जाऊन भात लावला. तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. जेवताना सरांनी तो ताटात नुसता चिवडला. बाईंनी दोनदा मागून घेतला.